वर्षातली आवडती गाणी: यादी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर आला की "यंदाची तुझी दहा गाणी कुठली?" हा प्रश्न निघतोच. उत्तर द्यायला बसलं की मात्र दिवाळीनंतरचीच गाणी आठवतात, आणि मे महिन्यात डोक्यावर घेतलेलं गाणं कुठं गेलं ते कळत नाही. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आणखी एक गुंता असतो. कानावर मराठी पडतं तसं कन्नड पडतं, हिंदी पडतं, कारवार-गोव्याकडची कोंकणीही पडते. ही सगळी गाणी एका यादीत कशी बसवायची, त्याबद्दलचे हे प्रश्न आहेत.

यादी करायला कधी बसायचं?

जानेवारीत. डिसेंबरात करायचं काम फक्त गाळण्याचं असतं, गोळा करण्याचं नाही. एक वही घ्या, महिन्याला एक पान द्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंधरा मिनिटं काढून जास्तीत जास्त पाच गाणी लिहा. सहावं लिहावंसं वाटलं तर पाचातलं एक खोडायचं. पण खोडलेलं वाचता आलं पाहिजे, कारण असं एखादं गाणं डिसेंबरात उठून उभं राहतं. वर्षाअखेरीला साठाच्या आत गाणी जमतात. त्यातून पंचवीस निवडायला दोन संध्याकाळी पुरतात.

एखाद्या महिन्यात दोनच गाणी सापडली तर दोनच लिहा. पान भरायचं म्हणून भरलेली गाणी शेवटी फार छळतात.

वहीत नेमकं काय लिहायचं?

गाण्याचं नाव, चित्रपट किंवा अल्बम, गायक, संगीतकार, गीतकार, भाषा, प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि गाणं का आवडलं त्याची एक ओळ. ही शेवटची ओळ कधी टाळू नका. "भारी आहे" लिहून उपयोग नाही. "दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी थांबते आणि नुसती संवादिनी राहते" असं लिहा. सहा महिन्यांनी ती ओळ वाचली की गाणं न लावता कानात वाजतं. ओळ वाचूनही काही वाजलं नाही, तर त्या गाण्याचा निकाल तिथंच लागला.

गाणी ऐकायचं ॲप स्वतःच वर्षअखेरीला यादी देतं की! मग हा खटाटोप कशाला?

ॲप मोजतं ते वाजलेलं, आवडलेलं नव्हे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. रात्री गाणी लावून झोप लागली तरी मोजणी चालूच राहते. घरातल्या पोरानं तुमच्या फोनवर एकच बालगीत दीडशे वेळा लावलं, तर वर्षाचं तुमचं पहिलं गाणं तेच. शिवाय हा वार्षिक गोषवारा डिसेंबरच्या सुमारास जाहीर होतो, त्यामुळं वर्षाचे शेवटचे काही आठवडे त्यात धरलेलेच नसतात.

आकडे हवेच असतील तर लास्ट एफएम या ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर खातं उघडा. तिथला नियम जरा कडक आहे. गाणं ३० सेकंदांहून मोठं पाहिजे, आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजलं तरच नोंद होते. ही मोजणी वर्षभर चालू असते. पण हे आकडे साक्षीदार म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नको. ॲपमध्ये चाळीस वेळा वाजलेलं गाणं वहीत एकदाही आलं नसेल, तर ते सवयीनं वाजलं असं समजा.

वर्ष कुठलं धरायचं? जानेवारी ते डिसेंबर की पाडवा ते पाडवा?

दोन्ही चालतं. पण जे धराल ते पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या वर्षी बदलू नका. पाडवा आणि युगादी, म्हणजे कन्नड नववर्ष, एकाच दिवशी येत असल्यानं मराठी-कन्नड मित्रांची एकत्र यादी करायला ते वर्ष सोयीचं पडतं. अडचण एवढीच की पाडव्याची तारीख सरकते. २०२५ मध्ये तो ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. म्हणजे असं एखादं वर्ष ३५४ दिवसांचं भरतं, तर अधिक मास आला की ३८४ दिवसांच्या आसपास जातं. मित्रांच्या याद्यांशी ताडून बघायचं असेल तर गपगुमान जानेवारी ते डिसेंबर धरा.

यंदा पहिल्यांदा ऐकलं, पण गाणं जुनं आहे. घ्यायचं काय?

मुख्य यादीत नको. "यंदा सापडलेली जुनी" अशी पाच गाण्यांची वेगळी यादी करा. आमच्या मते वर्षाच्या शेवटी हीच यादी जास्त रंगते, कारण तिच्यात जाहिरातीचा हात नसतो.

गाणं नेमकं कुठल्या सालचं, हे कसं ओळखायचं?

सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात. ॲपवर दिसणारं साल अनेकदा गाणं तिथं चढवल्याचं असतं, ध्वनिमुद्रणाचं नसतं. लता मंगेशकरांनी 'क्रांतिवीर सांगोळ्ळी रायण्णा' या कन्नड चित्रपटासाठी गायलं ते १९६७ मध्ये. सांगोळ्ळी आपल्याच बैलहोंगल तालुक्यातलं. आता अशा गाण्याखाली एखाद्या संग्रहाच्या नावासह विसाव्या शतकानंतरचं साल दिसलं, तर ते संग्रहाचं साल आहे एवढंच समजायचं.

ताडून बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या अधिकृत चॅनलवरच्या व्हिडिओची तारीख बघा. वर्णनाच्या चौकटीत 'आणखी' दाबलं की दिवस, महिना, साल दिसतं. मग ॲपवर अल्बमच्या तळाशी वर्तुळातल्या पी या चिन्हापुढचं साल बघा. ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं, तर वर्तुळातला सी मुखपृष्ठ वगैरे बाकीच्या मजकुराचा. तरीही शंका राहिली तर आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, शोधा. तो १२ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन नोंदणी करणाऱ्याची, त्यापुढचे दोन आकडे सालाचे आणि शेवटचे पाच अनुक्रमाचे. मात्र यातलं साल क्रमांक दिल्याचं असतं. त्यामुळं नव्या गाण्यांना तो खरा पडतो आणि जुन्यांना फसवतो.

चित्रपट जानेवारीत आणि गाणं आधीच्या डिसेंबरात आलं, असं दरवर्षी होतं. आम्ही गाण्याची तारीख धरतो. चित्रपटाची धरायची असेल तर सगळ्याच गाण्यांना तोच नियम लावा. आपल्या लाडक्या गाण्यापुरती पट्टी वाकवायची नाही.

अभंगाला साल कुठलं?

ध्वनिमुद्रणाचं. शब्द ज्ञानेश्वरांचे म्हणून गाणं तेराव्या शतकात टाकायचं नसतं. चाल जुनी, आवाज नवा असेल तर वहीत 'पारंपरिक चाल' किंवा मूळ संगीतकाराचं नाव लिहा.

कन्नड गाणं मराठी माणसाच्या यादीत चालतंय काय?

न चालायला काय झालं? सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व आणि गदगला जन्मलेले भीमसेन जोशी ज्या मुलखातले, तिथं कानाला सीमा घालून भागत नाही. भीमसेनांनी मराठी अभंग गायले, तशी कन्नड दासांची पदंही गायली. यादी कानाची आहे, मतदारयादी नव्हे.

पण भाषेचा कोटा ठरवू नका. "पाच मराठी, तीन कन्नड, दोन हिंदी" असं आधी ठरवलं की तिसरं कन्नड गाणं नाइलाजानं येतं आणि सहावं मराठी गाणं उगाच बाहेर बसतं. शब्द कळत नसतील तर यादीत घेण्याआधी एकदा कन्नड येणाऱ्या मित्राकडून अर्थ समजून घ्या. अर्थ कळल्यावर गाणं वर चढतं किंवा धाडकन खाली येतं. दोन्ही होतं.

एकच चाल दोन-तीन भाषांत आली तर?

'सैराट' २०१६ चा. त्याचा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' २०१७ ला आला, हिंदी 'धडक' २०१८ ला. तिन्हींकडं अजय-अतुल यांच्या त्या चाली आहेत. आता २०१७ च्या यादीत कन्नड गाणं घ्यायचं की नाही? नवे शब्द आणि नवं मुद्रण असेल तर घेता येतं, पण पुढं 'चाल २०१६ ची' असं लिहा. एकाच वर्षाच्या यादीत मात्र एका चालीला एकच जागा. हल्ली काही कन्नड चित्रपट चार-पाच भाषांत एकाच दिवशी येतात, तिथं हा नियम रोज लागतो. ज्या भाषेत गाणं पहिल्यांदा कानात बसलं तीच नोंद ठेवा आणि मूळ भाषेतलं गाणं एकदा तरी पूर्ण ऐका. ओठांची हालचाल सांभाळायला डबिंगमध्ये शब्द कोंबलेले असतात. मुळात तीच ओळ सरळ चालते.

कन्नड किंवा कोंकणी गाणं शोधलं तर सापडतच नाही. का?

स्पेलिंगमुळं. कन्नडवाले रोमन लिपीत 'त' लिहायला टी-एच वापरतात आणि नुसता टी 'ट' साठी ठेवतात. त्यामुळं 'प्रीती' शोधताना आपण मराठी सवयीनं शेवटी टी-आय लिहितो, आणि गाणं बसलेलं असतं टी-एच-आय खाली. 'गीते', 'मातु' या शब्दांचंही तेच. गोव्याच्या रोमी कोंकणीत 'श' साठी एक्स लिहितात, आणि शब्दाच्या शेवटचा एम पुष्कळदा फक्त अनुस्वार असतो. कारवार-मंगळूरकडं कोंकणी कन्नड लिपीतही लिहिली जाते. कीबोर्डमध्ये कन्नड भाषा जोडून बोलून शोधलं तर निम्मा त्रास वाचतो. तेही जमलं नाही तर गाणं सोडून चित्रपटाचं नाव आणि साल टाका.

कन्नड गाण्याखाली 'साहित्य' असं लिहिलेलं असतं, ते काय?

गीतकार. ओळीत 'साहित्य' पुढं नाव असेल तर शब्द त्यांचे. नवख्या मराठी वाचकाची इथं हमखास गल्लत होते. आपल्याकडं सुगम संगीत म्हणतात त्याला तिकडंही तेच नाव आहे, भावगीतालाही.

ॲपवर 'कलाकार' म्हणून पुष्कळदा फक्त संगीतकाराचं नाव दिसतं आणि गायिका आतल्या पानावर ढकललेली असते. तीन ठिपके दाबून श्रेयनामावली उघडा. संगीतकार आणि संगीत संयोजक हे दोन वेगळे लोक असू शकतात. तुम्हाला आवडलेली बासरी बहुधा दुसऱ्याच्या डोक्यातून आलेली असते.

मिरवणुकीत एक गाणं ऐकलं, नाव माहीत नाही. कसं शोधायचं?

शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत किंवा गणपतीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर फोन धरला की शाझम हे गाणं ओळखणारं ॲप हात टेकतं. खालच्या सुरांनी फोनचा माइक फाटतो आणि गाण्याऐवजी नुसती घरघर नोंदली जाते. आडव्या बोळात वीस-तीस पावलं आत जा, माइकच्या भोकावरचं बोट काढा आणि गायकाचा आवाज चालू असताना दहा-पंधरा सेकंद धरा. ताशाच्या तुकड्यावर धरून काही हाती लागत नाही.

तरीही सापडलं नाही तर कारण बहुधा डीजेनं वाढवलेली गती. गती आणि पट्टी दोन्ही चढली की ओळखीचा ठसा जुळत नाही. अशा वेळी ध्रुपदाचे चार-पाच शब्द लगेच वहीत किंवा फोनवर टिपून घ्या. घरी येऊन गूगलच्या गुणगुणून शोधण्याच्या सोयीत पंधरा सेकंद गुणगुणा. तिथं पट्टी चुकली तरी चालतं, चाल बरोबर पाहिजे. हलगी किंवा बेंजो पार्टीनं प्रत्यक्ष वाजवलेलं असेल तर ॲपच्या नादाला लागू नका. वाजवणाऱ्यालाच विचारा, तो दोन शब्दांत सांगतो.

यूट्यूबवरची उत्तर कर्नाटकातली जानपद गाणी (म्हणजे लोकगीतं), यल्लम्माची गाणी, गल्लीतल्या पोरांनी केलेली गाणी धरायची काय?

धरायची, आणि आवर्जून. मोठ्या कंपन्यांची गाणी सगळ्यांच्या यादीत असतातच. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं चौंडकं या तंतुवाद्यावरचं गाणं मात्र इथल्याच माणसाच्या यादीत येणार. त्रास मूळ नोंद शोधण्याचा असतो. एकच गाणं दहा चॅनलवर चढवलेलं असतं, त्यातली सात रीमिक्स. शोधाच्या निकालातली सर्वांत जुनी तारीख बघा, वर्णनात गायक आणि गीतकाराची नावं आहेत का बघा, आणि आवाज न चिरलेली प्रत कुठली ते ऐका. जुनी तारीख, पूर्ण नावं, स्वच्छ आवाज हे तिन्ही एका ठिकाणी मिळालं तर तीच मूळ प्रत धरायला हरकत नाही. बघणाऱ्यांचा आकडा इथं काही सांगत नाही. रीमिक्सचा आकडा मुळापेक्षा मोठा असणं नेहमीचंच आहे.

पंचवीस गाण्यांचा क्रम कसा लावायचा? दर वेळी वेगळाच लागतो.

सगळ्यांकडं एकदम बघितलं की असंच होतं. दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवा. मात्र पंचवीस गाण्यांच्या सगळ्या जोड्या लावायच्या तर ३०० होतात, एवढा दम कुणाला नाही. म्हणून पत्ते लावतो तसं लावा. लावलेल्या गाण्यांमधल्या मधल्याशी नवं गाणं भिडवा. सरस ठरलं तर वरच्या अर्ध्याच्या मधल्याशी, नाहीतर खालच्या अर्ध्याच्या. प्रत्येक गाण्याला फार तर पाच लढती लागतात, आणि सगळं शंभराच्या आत आटोपतं.

एका बैठकीत सहा-सात लढतींपुढं जाऊ नका, कान थकतो आणि मग नुसतं मोठ्यानं वाजणारं गाणं जिंकायला लागतं. गाणं पूर्ण ऐका. पहिल्या मिनिटावर निकाल दिला की सुरुवात झकास आणि पुढं काही नाही अशी गाणी वर जातात. क्रम लागला की दहा-पंधरा दिवस वही बंद ठेवा आणि पहिल्या दहाची लढत पुन्हा लावा. दोन-तीन जागा हलल्या तर क्रम पक्का. निम्मी यादी उलटली तर पहिल्या वेळी तुम्ही गाणं ऐकत नव्हता, आठवत होता.

अकराव्या जागेपासून पुढं क्रमांक देऊ नका. सतराव्या आणि अठराव्या गाण्यात खरोखर फरक करता येतो असं म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

तुलना करताना आवाज सारखा ठेवायचा म्हणजे काय?

दोन गाण्यांत जे थोडं मोठ्यानं वाजतं ते बरं वाटतं. कानाची ही जुनी खोड आहे. स्पॉटिफायमध्ये आवाज समान करण्याची सोय आहे, ती सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणते. ती चालू ठेवा आणि दोन्ही गाणी एकाच ॲपवर ऐका. एक यूट्यूबवर आणि दुसरं दुसरीकडं, अशी लढत बाद. इअरफोनवर एकदा आणि गाडीत एकदा ऐकलं की खालचे सूर फसवत नाहीत.

आठ-दहा मित्रांनी मिळून एक यादी करायची आहे. गुण कसे द्यायचे?

प्रत्येकानं दहा गाणी क्रमानं द्यायची. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं दहाव्याला १. कुणी सहाच दिली तर १० ते ५ द्यायचे, उरलेले गुण वाटायचे नाहीत. या पद्धतीत दोघांचं पहिलं असलेलं गाणं २० वर थांबतं आणि पाच जणांचं सहावं गाणं २५ वर जातं. हे कुणालातरी खटकणारच, म्हणून मोजणीआधीच सगळ्यांना सांगून टाका. नंतर सांगितलं की भांडण. बरोबरी झाली तर ज्याला जास्त जणांनी मत दिलं ते वर, तरीही बरोबरी राहिली तर ज्याला पहिला क्रमांक जास्त वेळा मिळाला ते.

मोजायच्या आधी नावं एकसारखी करून घ्या. एकानं चित्रपटाचं नाव लिहिलं, दुसऱ्यानं ध्रुपदाचे शब्द, तिसऱ्यानं व्हिडिओचा दुवा, की एकाच गाण्याची मतं तीन ठिकाणी फुटतात. मतं एकाकडं खासगीत पाठवायची. ग्रुपवर टाकली की दुसऱ्याचं बघून चौथा माणूस आपली यादी फिरवतो. पैज लावायची असेल तर कुंद्याची, आपल्या बेळगावच्या मिठाईची, लावा, पैशांची नको.

गाडीत पेनड्राइव्हवर गाणी क्रमानं वाजत नाहीत.

पुष्कळ कार स्टिरिओ नावाच्या नव्हे, फाइली लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचा घ्या आणि फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ चे बहुतेक एक्सफॅटमध्ये येतात आणि जुना स्टिरिओ ते वाचत नाही. नावाआधी ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत घाला आणि पहिल्यापासून एक-एक फाइल उतरवा. देवनागरी किंवा कन्नड नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर स्टिरिओत ती लिपी नाही. फाइल बिघडलेली नसते, नाव रोमनमध्ये लिहा.

३२० केबीपीएसची एमपी-३ मिनिटाला २.४ एमबी जागा घेते. सव्वाचार मिनिटांची पंचवीस गाणी म्हणजे साधारण २५५ एमबी आणि पावणेदोन तास. बेळगावहून निघालं की कोल्हापूर येईपर्यंत पुरतं. एक गाणं हळू आणि दुसरं कानठळ्या बसवणारं असेल तर एमपी-३ गेन या आवाज सारखा करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये सगळी ८९ डेसिबलला आणा.

ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी पेनड्राइव्हवर जात नाहीत, ती त्या ॲपमध्येच वाजतात. पेनड्राइव्हसाठी गाणं विकत घेतलेलं किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेलं पाहिजे.

चोर्ला घाटात यादी मधेच बंद पडते.

रेंज जाते. निघायच्या आदल्या रात्री वायफायवर यादी उतरवून घ्या आणि ॲप ऑफलाइन करून एक गाणं वाजवून बघा. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर उतरवलेलं सगळं उडतं. नेमकं गोव्याला निघालात की हे लक्षात येतं.

यादी गल्लीतल्या कार्यक्रमात लावायची आहे.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, एरवीही परवानगी लागते. गाणी सातला सुरू केली तर दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत, मध्ये बोलणं धरून, तास-सव्वा तासात होतात. पहिलं गाणं साडेनऊच्या पुढं ठेवू नका. भाषणं लांबतात आणि पहिलंच गाणं राहून जातं.

ॲपमधल्या यादीतलं गाणं राखाडी दिसतंय.

कंपनीचा करार संपला किंवा अल्बम नव्यानं चढवला गेला. त्याच गाण्याची दुसरी नोंद शोधून जोडा आणि लांबी मिनिट-सेकंदांत ताडून बघा, नाहीतर भलतंच रीमिक्स येऊन बसतं. म्हणून वहीत लांबीही लिहून ठेवलेली बरी.

जानेवारीत वाटलं की क्रम चुकला. बदलायचा?

नाव, साल, श्रेय यांत चूक असेल तर लगेच दुरुस्त करा. क्रम मात्र बदलू नका. शेजारी पेन्सिलीनं तारीख टाकून "आता हे तिसरं वाटतं" एवढं लिहा आणि नव्या वर्षाचं पहिलं पान उघडा.